‘स्मिथ म्हणजे लोहारच ना?’ : इंग्रजी खेडे आणि एक फसवा युक्तिवाद

जातीवर बोलायला लागलो की समोरून एक वाक्य हमखास येते. “जात काय फक्त आपल्याकडेच होती का? इंग्रजांमध्ये स्मिथ म्हणजे लोहार, कार्पेंटर म्हणजे सुतार, टेलर म्हणजे शिंपी. त्यांच्या खेड्यातही बलुतेदार होतेच की!” कॉलेजच्या कट्ट्यावर हे ऐकू येते, व्हॉट्सॲपवर फिरते. आणि आपल्या अभ्यासवर्गातली चांगली वाचणारी मुलेही त्यापुढे गप्प होतात, कारण स्मिथ या शब्दाचा अर्थ लोहार हे तर खरेच आहे.

या युक्तिवादाला एक जुळा भाऊ आहे. तो म्हणतो, जुने गाव स्वयंपूर्ण होते, सगळे एकमेकांना धरून होते, शहरांनी आणि राजकारणाने ते बिघडवले. पहिला युक्तिवाद जातीला ‘श्रमविभागणी’ म्हणून सोडवतो, दुसरा गावाला ‘कुटुंब’ म्हणून.

मित्रांनो, या दोघांना नुसत्या घोषणांनी उत्तर देता येत नाही. ज्या इंग्रजी खेड्याचा दाखला दिला जातो, ते एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्ष कसे होते हे एकदा नीट बघू. उत्तर तिथेच आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी कापणारे आहे.

धंदा होता, पण दार बंद नव्हते

इंग्रजी खेड्याचे एकक म्हणजे पॅरिश. एक चर्च, त्याचा पाद्री, एक मोठा जमीनदार (त्याला स्क्वायर म्हणत), त्याची जमीन खंडाने कसणारे मोठे शेतकरी, काही कारागीर आणि दुकानदार, आणि सगळ्यात खाली शेतमजूर. लोहार घोड्यांना नाल ठोकायचा आणि नांगराचे फाळ शेवटायचा. चाके आणि गाड्या करणारा वेगळा कारागीर असायचा. छपरे शाकारणारा, खोगिरे शिवणारा, पीठ दळणारा, जोडे करणारा, आठवड्याला बाजारगावी माल नेणारा गाडीवान असे सगळे. बायका घरी बसून हॅट्ससाठी गव्हाच्या काडाच्या पट्ट्या विणत, लेस विणत, हातमोजे शिवत. वरवर पाहिले तर आपल्या अलुतेदार-बलुतेदारांचीच यादी वाटते.

आता एक गंमत बघा. ही यादी मराठीत लिहिताना माझीच अडचण झाली. ‘जोडे करणारा’ असे लांबण लावून का लिहिले? कारण आपल्या भाषेत त्यासाठी जो शब्द आहे तो धंद्याचा नाही, जातीचा आहे. लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, परीट, प्रत्येक शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे आधी जात येते आणि मग काम. इंग्रजी खेड्यात स्मिथ आडनावाचा माणूस शेतात खत टाकत असे आणि भट्टीपुढे बसलेल्या लोहाराचे आडनाव टेलर असे. एकोणिसाव्या शतकापर्यंत आडनाव आणि धंदा यांची कधीच फारकत झाली होती. आपल्याकडे आडनाव बदलले तरी लोक जात शोधून काढतात. तिथे आडनाव तेच राहिले तरी धंदा कोणता हे माणसाला विचारावे लागत असे.

धंद्यात शिरायचे कसे? उमेदवारी करून. १५६३ च्या कायद्याने निदान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. उस्तादाला पैसे द्यायचे, त्याच्या घरी राहायचे, काम शिकायचे. १८१४ मध्ये ब्रिटिश संसदेने ही सक्तीसुद्धा काढून टाकली. आता प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की अनेक लोहारांची मुले लोहारच झाली. हत्यारे, भट्टी आणि गिऱ्हाईक वारशाने मिळत असेल तर तसेच होणार. उस्तादाला द्यायला पैसे नसलेल्या मजुराच्या पोराला चांगला धंदा शिकणे अवघडच होते. पॅरिशच्या मदतीवर जगणाऱ्या घरातली पोरे तर अधिकारी परस्पर कुणाच्याही दारी उमेदवार म्हणून बांधून टाकत. हा अन्यायच होता. पण दार पैशाने अडले होते, जन्माने नव्हे. पैसा, कौशल्य किंवा नशीब जुळले तर ते उघडत असे.

याचा पुरावा सरकारी दप्तरातच आहे. १८३७ पासून इंग्लंडमधल्या विवाहनोंदणीत नवऱ्याचा धंदा आणि नवरा-नवरी दोघांच्याही वडिलांचा धंदा लिहिला जाऊ लागला. त्या नोंदवह्यांत शेतमजुराचा मुलगा लोहार झालेला दिसतो, कारागिराची मुलगी मजुराच्या घरी दिलेली दिसते. बाबासाहेबांनी सांगितलेच आहे की जातीचा प्राण सजातीय विवाहात आहे. तो प्राण या नोंदवह्यांत सापडत नाही. लोहाराच्या मुलीने मजुराशी लग्न केले तर आईबाप नाराज होत असतील, पण पंचायत बसत नव्हती आणि पोरीचा मुडदा पडत नव्हता.

आणि चामड्याचे काय? नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावात १७६१ साली एका विणकराच्या घरी विल्यम कॅरे जन्मला. बाप विणकर, पुढे गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलगा शेजारच्या गावात जोडे करायला शिकला. तो जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकला, मिशनरी झाला, १७९३ मध्ये बंगालात आला, आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात संस्कृत, बंगाली आणि मराठी शिकवू लागला. १८०५ साली सेरामपूरहून मराठीचे व्याकरण छापून निघाले ते याच माणसाचे. तो धर्मप्रसारासाठी आला होता, त्याचे गोडवे गाण्याची गरज नाही. पण ज्या काळात आपल्या गावातल्या चामड्याला हात लावणाऱ्या माणसाच्या कानावर संस्कृत पडणे हे पाप होते, त्याच काळात इंग्रजी खेड्यातला जोडे शिवणारा ब्राह्मण पंडिताला शेजारी बसवून संस्कृत आणि मराठी शिकत होता. त्याच्या हाताला चामड्याचा विटाळ चिकटला नाही. इंग्लंडच्या खेड्यांत तर जोडेवाल्याचे दुकान वर्तमानपत्र वाचायचे आणि सरकारला शिव्या घालायचे ठिकाण म्हणून ओळखले जाई.

श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला जो फरक बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडला, तो हाच.

म्हणून ते गाव स्वर्ग होते का?

मुळीच नाही. आणि इथेच आपल्यातल्या काही जणांची चूक होते. जातिव्यवस्थेवर टीका करता करता इंग्रजांचे गाव म्हणजे समतेचे माहेर असे आपण बोलून जातो.

वॉर्विकशायरमधल्या बारफर्ड गावात १८२६ साली जोसेफ आर्च जन्मला. बाप मेंढपाळ. नऊ वर्षांचा असताना आर्च शेतावर पाखरे हाकायला लागला, दिवसाचे बारा तास, मजुरी चार पेन्स. पुढे तो कुंपणाची झुडपे छाटण्यात तरबेज झाला. त्याने आत्मचरित्रात लहानपणची एक आठवण सांगितली आहे. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी होता. मुलांना बाहेर काढले होते, तेव्हा याने दाराच्या किल्लीच्या भोकातून आत पाहिले. आधी स्क्वायर पुढे गेला. मग शेतकरी. मग दुकानदार, चाके करणारा, लोहार. आणि सर्वांत शेवटी, वेगळे, कामाच्या झग्यातले शेतमजूर. त्यांच्या शेजारी कुणीही गुडघे टेकले नाहीत. जणू ते विटाळलेले होते, असे त्या पोराला वाटले.

वाचताना अंगावर काटा येतो, कारण ही रांग आपल्या ओळखीची आहे. पण फरकही बघा. ती रांग पैशाची आणि मानाची होती. आर्चला ती अन्याय वाटली, कारण त्याच्या धर्माने देवापुढे सगळे सारखे असे तोंडाने तरी सांगितले होते. पाद्री आपल्याच धर्मग्रंथाशी बेइमानी करत होता. आपल्याकडे अस्पृश्याला देवळाबाहेर ठेवणारा पुजारी धर्मग्रंथाशी प्रामाणिक होता. म्हणून बाबासाहेबांना नुसत्या पुजाऱ्याशी नव्हे, ग्रंथाशीच भांडावे लागले.

त्या मजुराची परिस्थिती काय होती? गावची सामाईक कुरणे आणि पडीक जमीन, जिथे गरीब माणूस एखादी गाय चारायचा, सरपण गोळा करायचा, ती संसदेच्या हजारो कायद्यांनी कुंपण घालून खासगी झाली. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली, ज्याच्याकडे नुसती वहिवाट होती तो उघड्यावर आला. गायरानासाठी लढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हे समजावून सांगायला नको.

१६६२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गरिबाची एक ‘हक्काची’ पॅरिश ठरलेली असे. दुसऱ्या गावी पोट भरायला गेलेल्या माणसावर मदत मागायची पाळी आली की त्याला बायकापोरांसकट त्या पॅरिशमध्ये परत धाडत. ज्या गावांत एकाच जमीनदाराची मालकी होती, तिथे गरिबांचा खर्च अंगावर पडू नये म्हणून मजुरांच्या झोपड्या पाडून टाकत. मजूर दूरच्या गावात राहायचे आणि रोज मैलोन्‌मैल चालत कामाला यायचे. १८३४ च्या नव्या कायद्याने धडधाकट गरिबाला घरबसल्या मदत देणे बंद करून वर्कहाऊसमध्ये टाकायचे धोरण आले. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरे तिसरीकडे. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडे फोडण्याचे काम होते. भुकेलेले लोक त्या हाडांतला सडका मगज खातात हे १८४५ मध्ये उघड झाले आणि देशभर बोंब उठली.

हे सगळे चालवत कोण होते? गावचेच लोक. गरिबांच्या मदतीचा पैसा वाटणारे शेतकरी तेच, मजुरी ठरवणारे तेच. जमीनदार हाच मॅजिस्ट्रेट, आणि पुष्कळदा पाद्रीही मॅजिस्ट्रेट. काम, घर, मदत, न्याय आणि देव, सगळ्याच्या किल्ल्या दोन-चार घरांत. जात नसलेल्या गावातही माणूस इतका दाबला जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

१८३० : एक मिनिट आणि एक वणवा

१८३० च्या ऑगस्टअखेर केंट परगण्यात मजुरांनी मळणीयंत्रे फोडायला सुरुवात केली. हिवाळ्यातले हाताने मळणीचे काम हेच त्यांचे पोट होते आणि यंत्राने ते हिरावले. बघता बघता दक्षिण इंग्लंडभर वणवा पसरला. गंजी पेटल्या, ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाने जमीनदारांना धमकीची पत्रे गेली. सरकारने १९ जणांना फाशी दिली आणि पाचशेच्या आसपास लोकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले. पकडलेल्यांत नुसते शेतमजूर नव्हते. लोहार, सुतार, जोडे करणारेही होते. कारागीर मजुराच्या बाजूने उभा राहू शकला. आपल्याकडे हे इतके अवघड का झाले? कारण इथे प्रत्येकाच्या पायाखाली आणखी एक जात ठेवलेली आहे. बाबासाहेब तिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत.

आणि त्याच १८३० साली हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीचा एक बडा अधिकारी, चार्ल्स मेटकाफ, आपल्या सरकारी टिपणात लिहीत होता की इथली गावे म्हणजे छोटी छोटी प्रजासत्ताके आहेत, राज्ये येतात-जातात पण ती टिकून राहतात. त्याच्या स्वतःच्या देशातली खेडी जळत होती आणि हा साहेब आपल्या गावकुसाच्या आतली शांतता बघून भारावला होता. गावकुसाबाहेर कोण राहते, त्या प्रजासत्ताकात त्याचे मत किती, हे त्याने विचारले नाही. पुढे आपल्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी हेच साहेबाचे चित्र उचलून डोक्यावर घेतले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी मेटकाफचे नाव घेऊन या चित्राची चिरफाड केली आणि खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असल्याचे बजावले. संविधानाचे एकक गाव नाही, व्यक्ती आहे, याचा त्यांना आनंद होता.

मजूर सुटला कसा?

गावाने त्याला सोडवले नाही. जे काही मिळाले ते गावाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या त्यांच्या पलीकडून आले.

डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावात मजुरी आठवड्याला सात शिलिंगांवर आली होती आणि सहावर आणायची धमकी होती. जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या साथीदारांनी संघटना बांधली. १८३४ मध्ये गुप्त शपथ घेतल्याच्या गुन्ह्याखाली सहा जणांना सात वर्षे हद्दपारी झाली. लोकांनी मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, आणि १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. लव्हलेस कोण होता? शेतमजूर, आणि मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार. सहापैकी पाच जण मेथडिस्ट होते.

हा योगायोग नाही. चर्च जमीनदाराचे होते. पाद्र्याची मर्जी गेली की सूप-कोळशाची खैरात बंद. पण मेथडिस्टांचे छोटे चॅपल मजुरांनी स्वतःच्या पै-पैशातून उभे केलेले असे. तिथे मजूर वाचायला शिकला, चारचौघांत उभे राहून बोलायला शिकला, सभेचे इतिवृत्त आणि वर्गणीचा हिशोब ठेवायला शिकला. जोसेफ आर्चही अशाच पंथाचा प्रवचनकार. आणि आर्चकडे आणखी एक गोष्ट होती जी बहुतेक मजुरांकडे नव्हती: राहते घर त्याच्या कुटुंबाच्या मालकीचे होते. बोलला म्हणून त्याला कुणी घराबाहेर काढू शकत नव्हते.

७ फेब्रुवारी १८७२ ला वेल्सबर्न गावात चेस्टनटच्या झाडाखाली आर्चने सभा घेतली. त्याच वर्षी शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि दोन वर्षांत सभासद ८० हजारांच्या वर गेले. १८७३ मध्ये ॲस्कट-अंडर-विचवुड गावच्या १६ बायकांनी संप फोडायला आलेल्या मजुरांना अडवले. दोन पाद्री-मॅजिस्ट्रेटांनी त्यांना सक्तमजुरीसह तुरुंगात पाठवले, काहींच्या कडेवर तान्ही पोरे होती. १८७४ मध्ये पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी टाळेबंदी करून संघटनेचे कंबरडे मोडले. पण मजूर पूर्वीचा राहिला नाही. १८७० च्या कायद्याने शाळा येत होत्या. १८८४ मध्ये खेड्यातल्या घरटी पुरुषाला मत मिळाले आणि १८८५ मध्ये तोच पाखरे हाकणारा आर्च खासदार झाला. १८९४ मध्ये निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली आल्या. लाखो लोकांनी तर शहराची किंवा जहाजाची वाट धरली. (जहाजाने गेलेले दुसऱ्यांच्या जमिनीवर जाऊन बसले, हेही विसरायचे नाही.)

आता त्याच्या शेजारी आपले चित्र ठेवा. ज्या १८७४ साली इंग्रज मजूर संघटनेसाठी लढत होता, त्याच साली त्याच इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला. महाराने गावकी करायची, बापानंतर मुलाने करायची, याला कायद्याची चौकट मिळाली. स्वतःच्या देशात धंद्याची सक्ती १८१४ ला काढणाऱ्यांनी इथे ती साठ वर्षांनी पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये तो कायदा बदलण्यासाठी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले, आणि वतने खऱ्या अर्थाने जायला १९५८ उजाडले.

आणि शहर? इंग्रज मजूर मँचेस्टरला गेला की गिरणीत कामगार झाला. आपला माणूस गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आला, तर चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होत असे. गरिबी गावात सोडून जाता येते. जात मात्र गाडीत बसून बरोबर येते.

तेव्हा पुढच्या वेळी

कुणी ‘स्मिथ म्हणजे लोहारच ना’ म्हणाले, तर चिडू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. स्मिथच्या पोराला सुतार व्हायला कुणाच्या धर्मग्रंथाची आडकाठी होती? स्मिथच्या पोरीने जोडे करणाऱ्याच्या पोराशी लग्न केले तर कुणाला वाळीत टाकत? आणि स्मिथच्या गावात कोणत्या धंद्याच्या माणसाला पाणवठ्यावर बंदी होती? तीन प्रश्नांत युक्तिवाद संपतो.

पण तेवढ्यावर खूश होऊन थांबू नका. त्या मजुराच्या लढ्यातून आपल्यासाठी जे आहे तेही उचला. जात नसतानाही जमीन, घर, मदत आणि न्याय एकाच हातात असतील तर माणूस गुलाम होतो. आपल्या गावात तर वरून जातही आहे. म्हणून घराखालची जागा आपल्या नावावर हवी, कसत असलेल्या गायरानाचा कागद हवा. आणि विहार फक्त वंदनेपुरता नको. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तो जमीनदाराच्या देवळातून बाहेर काढून स्वतःच्या छताखाली बसवण्यासाठी. त्या छताखाली सातबारा वाचायला शिकवा, माहितीचा अर्ज लिहायला शिकवा, पोरींना माईक हातात घेऊन बोलायला शिकवा, वर्गणीचा हिशोब फळ्यावर लिहा. आर्च आणि लव्हलेस अशाच जागेत घडले. आपल्या वस्तीतला विहार आठवड्यात किती दिवस उघडा असतो, हे आज संध्याकाळी जाऊन बघा.

जय भीम.